गाव वाचायला शिकवताना

एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात मी मुलांना एका मोडी कागदाची झेरॉक्स देतो. मोडी कुणालाच येत नसते, म्हणून खाली बाळबोधीत उतरवलेला मजकूर असतो. त्यातली फक्त तारखेची ओळ घ्यायची: ‘सुहूर सन इसन्ने सबैन मया व अलफ’. वर्ग गप्प होतो. मराठी कागदात ही कुठली भाषा?

मग एकेक शब्द सोडवायचा. हे अरबी आकडे आहेत आणि ते एकंपासून वर चढत जातात. इसन्ने म्हणजे दोन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७१ येतं. मुलं पेन खाली ठेवतात, पण काम संपलेलं नसतं. सुहूर वर्ष मृग नक्षत्र लागतं तेव्हा, म्हणजे जूनच्या आरंभी बदलतं. कागद माघातला असेल तर ६०० मिळवायचे आणि साल १७७२ धरायचं. चौदाव्या शतकात दख्खनमध्ये रुजलेली ही कालगणना पेशवाईतला कारकून रोजच्या व्यवहारात वापरत होता. कुणब्याचं वर्ष पेरणीपासून, म्हणून सरकारचा हिशेबही पेरणीपासून.

एका ओळीत एवढं सगळं निघतं. मुलांनी तोवर तीन वर्षं इतिहास शिकलेला असतो, परीक्षा दिलेल्या असतात, पण इतिहासाचा कच्चा माल बहुतेकांनी हातात धरलेला नसतो. पदव्युत्तर पातळीवर स्थानिक आणि प्रादेशिक इतिहास शिकवायचा तो मुख्यतः यासाठी. पदवीपर्यंत इतिहासाची गोष्ट कळली. ती गोष्ट कशाच्या आधारावर उभी राहते, कुठे डळमळते आणि कुणी रचली, हे एम.ए.त कळायला हवं. त्यासाठी गावाएवढी सोयीची जागा दुसरी नाही. मुघल साम्राज्याची सगळी साधनं एका विद्यार्थ्याला दोन वर्षांत पाहून होणार नाहीत. एका गावाची बरीचशी होतील.

१७७१ हे साल मी मुद्दाम निवडतो. त्याचा एक धागा पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरला जातो. आज तिथे पवनेच्या काठी उंच इमारती आहेत, आयटीत काम करणारी कुटुंबं राहतात. शंभर वर्षांपूर्वी ते शेतकऱ्यांचं एक साधं गाव होतं. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी त्या गावाची घरोघरी जाऊन पाहणी केली आणि १९१७ साली ती इंग्रजीत पुस्तकरूपाने छापली. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे मातीपासून विहिरीपर्यंत आणि कर्जापासून जेवणापर्यंत सगळं त्यांनी मोजून घेतलं. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे पडलेले होते आणि त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते, ही त्यांची नोंद पुढे अर्थशास्त्राच्या किती पुस्तकांत गेली याला गणती नाही. त्यांनी जुन्या कागदांच्या आधारे मागचाही हिशेब मांडला: १७७१ मध्ये गावातली सरासरी धारणा ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १९१४-१५ मध्ये फक्त ७.

हे तीन आकडे फळ्यावर लिहिले की वर्गाचं उत्तर ठरलेलं असतं. लोकसंख्या वाढली, वाटण्या झाल्या, जमीन तुटली. खरा तास इथून पुढे सुरू होतो. १७७१ मध्ये गावात एकर नव्हता. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर, असं ते माप. काठीची लांबी प्रांताप्रांतात बदलायची. मग ते ४० एकर कशावरून आले? पेशवाईतला कागद ज्याच्या नावावर जमीन दाखवतो तो एक माणूस की चार भावांचं एकत्र कुटुंब? वंशपरंपरेच्या हक्काचे मिरासदार धरले आणि बाहेरून आलेले उपरी कसणारे सोडले, की दोन्ही धरले? इंग्रजी अमलात प्रत्येक खातं वेगळं झालं, तेव्हा जमीन खरोखर तुटली की आधीच वाटून खाल्लेली जमीन प्रथमच कागदावर वेगळी दिसली? मान यांची मेहनत मोठी आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. म्हणूनच तिला हे प्रश्न विचारायचे. आकडा वाचणं आणि आकडा तपासणं यांतलं अंतर ज्याला कळलं, त्याचं एम.ए. सार्थकी लागलं असं मी मानतो.

मान यांच्या पुस्तकाच्या दोनच वर्षं आधी, १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आला. एकाच काळात, जवळपासच्याच मुलखात, एक इंग्रज शास्त्रज्ञ मोजपट्टी घेऊन गावात गेला आणि एक मराठी महसुली अधिकारी आयुष्यभराचा अनुभव घेऊन. दोघांना दिसलेलं गाव वेगवेगळं आहे. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून महिनाभर वर्ग चालवता येतो, आणि चालवावा.

इंग्लंडात हा विषय विद्यापीठात आला तो लेस्टरमध्ये. तिथे १९४८ साली स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि डब्ल्यू. जी. हॉस्किन्स त्याचे पहिले प्रमुख झाले. शेताचे बांध, जुन्या वाटा, ओसाड गावांच्या खुणा हीसुद्धा दप्तरंच आहेत आणि ती पायी फिरून वाचावी लागतात, ही त्यांची शिकवण. आपल्याकडे विभाग नव्हता, पण काम त्याच्या आधीपासून होतं. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि फडताळांतून कागद गोळा करत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि १९२४ साली त्यांनी उत्तर कोकणाची ‘महिकावतीची बखर’ संपादून छापली. एका छोट्या पट्ट्याचा इतिहास लिहिताना समाज म्हणजे काय, राज्य म्हणजे काय, लोक राज्यकर्त्यांपासून अलिप्त का राहतात, असे मोठे प्रश्न त्यांनी प्रस्तावनेत उभे केले. त्यांची सगळीच उत्तरं आज पटत नाहीत. प्रश्न विचारण्याची हिंमत मात्र घेण्यासारखी आहे.

‘प्रादेशिक’ हा शब्द अभ्यासक्रमात सहज छापला जातो. त्याचा अर्थ मुलांना कळतो तो कागद शोधायला निघाल्यावर. पुणे-सातारा भागातल्या गावावर काम करणाऱ्याला पेशवे दप्तर आहे, तिथे हजारो रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले, पण मूळ ढिगाच्या मानाने ते ओंजळभर. नांदेड-परभणीच्या मुलाची वाट वेगळी. त्याचं गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे त्याला हैदराबादला जावं लागतं आणि फारसी-उर्दूशी गाठ पडते. वऱ्हाडातल्या मुलीला निजाम, मग इंग्रज, मग मध्य प्रांत असा माग काढावा लागतो. सिंधुदुर्गातला विद्यार्थी पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांसमोर येऊन थबकतो. गोव्याची गावकरी पद्धत समजून घ्यायची तर १५२६ सालची ‘फोराल’ ही पोर्तुगीज सनद टाळता येत नाही. म्हणजे देश, कोकण, मराठवाडा, वऱ्हाड ही नुसती भूगोलाची नावं नाहीत. कुणी कारभार केला, कोणत्या भाषेत केला आणि कागद कुठे ठेवले, यावरून प्रदेश ठरत गेला. ‘महाराष्ट्राचा इतिहास’ या नावाखाली आपण बहुतेक वेळा पुण्याचा दरबार शिकवतो आणि बाकीच्यांना तोच आपला इतिहास म्हणून लिहायला लावतो. हे बदलायला हवं. जिथे महाविद्यालय आहे तिथला प्रदेश आधी शिकवावा.

गाव आणि जग यांचा सांधा दाखवायला मी सुप्याला नेतो. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. १२ मे १८७५ ला, आठवडी बाजाराच्या दिवशी, आसपासच्या शेतकऱ्यांनी तिथल्या सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. त्यांचा डोळा मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या करड्यात सावकारावर बहिष्कार पडलेला होता. पुढे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

पाठ्यपुस्तकात हे एका परिच्छेदात संपतं. वर्गात त्याला महिना लागतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, मुंबईत भाव चढले, पैसा वाहिला आणि सावकाराची उधारी सैल झाली. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास जमीनमहसुलाची तीस वर्षांची मुदत संपत आली होती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पाहणी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली होती, फेरआकारणीही १८६७ मध्ये तिथूनच सुरू झाली आणि सारा बराच वाढला. पण इथे हुशार विद्यार्थी हात वर करतो: सुप्याच्या आसपास कापूस कितीसा पिकत होता? प्रश्न अगदी बरोबर आहे. रविंदर कुमार यांनी १९६८ मध्ये या दंग्यांचा अर्थ ग्रामीण समाजात झालेल्या बदलांशी जोडून लावला. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये, दंग्यांचं महत्त्व फार फुगवलं गेलं आहे, असं मांडलं. दोघांचं वाचून विद्यार्थ्याने आयोगाचा अहवाल उघडावा, गावांची यादी नकाशावर मांडावी आणि पाहावं: दंगा झालेलं गाव आणि शेजारचं शांत राहिलेलं गाव यांत फरक काय होता? पाऊस, पाणी, बाजाराचं अंतर, सावकार गावातला की बाहेरचा? एका गावात घडलं ते का घडलं, याचं उत्तर दहा गावांत का घडलं नाही यात सापडतं. स्थानिक इतिहासाला प्रादेशिक इतिहासाची गरज भासते ती इथे.

आणखी एक गोष्ट सुप्यात दिसते. त्या दिवशी शेतकऱ्यांनी जे जाळलं ती आज आपली साधनं असती. कागद कुणाच्या बाजूने बोलतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हे मुलांच्या मनात पक्कं बसायला हवं, कारण मोडी वाचता येऊ लागलं की नवशिक्याला कागद म्हणजे सत्य वाटू लागतं. कैफियत म्हणजे वादातली आपली बाजू. करीना म्हणजे वतनावरचा हक्क शाबीत करण्यासाठी सांगितलेली घराण्याची हकीकत. सरकारने इनामांची चौकशी आरंभली, १८५२ चा कायदा आला, तेव्हा असे कितीतरी कागद दाखल झाले. त्यांत लिहिणाऱ्याचा स्वार्थ असतो, आणि तो ओळखूनच ते वाचायचे.

तरीही या कागदांत एक जागा अशी आहे जिथे मी दरवेळी थांबतो. गोतसभेत, म्हणजे गावच्या जमलेल्या सभेत, निवाडा झाला की त्याचा महजर, म्हणजे निवाडापत्र, लिहिला जाई आणि खाली हजर असलेल्यांच्या निशाण्या येत. पाटलाची निशाणी नांगर. शेट्याची तराजू. बाकीचे बलुतेदारही आपापल्या कामाचं हत्यार काढून साक्ष देत. कुलकर्ण्याने लेखणीने लिहिलेल्या त्या लांबलचक मजकुराखाली ही चिमुकली चित्रं ओळीने उभी असतात. ज्यांना अक्षर येत नव्हतं ते आपल्या हत्याराच्या रूपाने दप्तरात शिरले. विद्यार्थ्याने मजकूर जरूर वाचावा, पण निशाण्या मोजाव्यात, कोण हजर होतं आणि कोण नव्हतं हे पाहावं. त्या ओळीत बाईची निशाणी किती महजरांवर दिसते, हेही तपासावं.

बायांचा आवाज दुसरीकडे शोधावा लागतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. सासर, माहेर, मळा, पंढरीची वाट, धरणात गेलेली जमीन आणि बाबासाहेब, हे सगळं त्यांत आहे, आणि तेही सांगणारीच्या नावागावासह. हा संग्रह एम.ए.च्या वर्गात दप्तराच्या मानानेच हाताळला पाहिजे. ओवीला तारीख नसते, म्हणून ती इतिहासाला चालत नाही, हे म्हणणं आळशीपणाचं आहे. तारीख नसलेल्या साधनाचं काय करायचं, हेच तर शिकवायचं.

वर्गाबाहेर पडल्यावर पहिली अडचण येते ती माणसांची. दोन मुलं वही घेऊन चावडीपाशी उभी राहिली की पहिला प्रश्न येतो, ‘जमिनीच्या कामाला आलात का?’ गावाला हे विचारायचा हक्क आहे. जुना फेरफार, हक्कनोंद, आकारफोड, कडईपत्रक यांत चालू भांडणं दडलेली असतात. कोतवाल बुकात जन्ममृत्यूसोबत जात लिहिलेली असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा या वह्यांचं मोल एकदम सगळ्यांना कळलं आणि मोडी वाचणारी माणसं किती कमी उरली आहेत तेही कळलं. म्हणून मुलांना मी आधी सांगतो की देवळात बसा, चहा घ्या, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगा. कुणाच्या घरचा कागद पाहिला तर परवानगीशिवाय फोटो काढायचा नाही आणि नाव छापायचं नाही. शाळेचं जनरल रजिस्टर हे सुरुवातीला सगळ्यात चांगलं साधन. मुलगी पहिल्यांदा शाळेत कधी आली, कोणत्या वस्तीतून, आणि दाखल्यावर शाळा सोडल्याचं कारण काय लिहिलं, एवढ्यावर एक उत्तम प्रबंध होतो.

दुसरी अडचण शेंदराची. मारुतीच्या देवळामागे एक-दोन दगड टेकून ठेवलेले असतात, तेलाने काळे झालेले, वर शेंदूर, चुना किंवा ऑइलपेंट. जवळ जाऊन पाहिलं तर खालच्या चौकटीत लढणारा माणूस आणि बाजूला गायी, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. वीरगळ. गोधन वाचवताना कुणीतरी इथे मेलं होतं आणि गावाने ते लक्षात ठेवलं होतं. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं, साल नसतं. गावकरी त्याला कुठल्यातरी देवाचं नाव देतात. त्यांना चूक ठरवायला जाऊ नये. दगडाची दुसरी गोष्टही ऐकून, तीही लिहून घ्यावी.

लेख असलेला दगड मिळाला तरी वाद संपत नाही. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचं साल शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असं वाचलं. काही अभ्यासक ते बरंच पुढचं मानतात. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडलचा मराठी लेख शके ९४०चा, म्हणजे १०१८चा. तो अभ्यासकांपुढे आणण्यात सोलापूरचे आनंद कुंभार यांचा मोठा वाटा होता, आणि ते कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यात अशी माणसं आहेत. गावाची माहिती त्यांच्याकडे असते, पद्धत आपल्या विभागाकडे. विभागाने त्यांना सन्मानाने वर्गात बोलवावं आणि त्यांच्याकडून शिकावं.

आपल्या वर्गांचं दुखणं मी लपवत नाही. स्थानिक इतिहासाचा पेपर अनेक ठिकाणी ‘व्याख्या सांगा, महत्त्व सांगा, साधनांचे प्रकार लिहा’ एवढ्यावर उरकतो. एकही साधन न पाहता साधनांवर दहा गुणांचं उत्तर लिहून मूल पास होतं. प्रकल्पात गॅझेटिअरची पानं आणि जत्रेच्या पुस्तिकेतली आख्यायिका एकत्र शिवलेली असतात. जपानहून आलेल्या हिरोशी फुकाझावा यांनी मराठी साधनांतून अठराव्या शतकातल्या दख्खनच्या गावाचा अभ्यास केला. त्याच दख्खनमधला आपला पदवीधर आजोबांच्या घरचा कागद वाचू शकत नाही. याला मुलं जबाबदार नाहीत. आपण त्यांना वेळ दिला नाही.

आता वेळ मिळण्याची शक्यता आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एम.ए.ला क्षेत्रप्रकल्प आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला आहे. माझी मागणी साधी आहे. पहिल्या सत्रात आठवड्याला दोन तास मोडी, सक्तीने. दुसऱ्या सत्रात एक गाव, एक पेठ किंवा एक वस्ती निवडायची आणि तिला एकच प्रश्न विचारायचा. दुसऱ्या वर्षी किमान तीन प्रकारची साधनं वापरायची, लिहिलेलं, ऐकलेलं आणि पायाखालचं. आणि गुण देण्याआधी विद्यार्थ्याने ते लिखाण त्या गावात, देवळात किंवा शाळेत, लोकांसमोर वाचून दाखवायचं. बाह्य परीक्षक जे पकडणार नाही ते गावातली म्हातारी माणसं पकडतात.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या घरात ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली किंवा माळ्यावर जुन्या कागदांचा रुमाल असेल, आजोबांची रोजकीर्द असेल, तर तो रद्दीत देऊ नका आणि जपायच्या भरात लॅमिनेशनही करू नका, त्याने कागद कायमचा खराब होतो. सुती फडक्यात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकांना एकदा घरी बोलवा. त्यांच्यासोबत दोन विद्यार्थी येतील. त्यांना बसू द्या, कागदाचे फोटो काढू द्या आणि ते कागद घरात कसे आले एवढं सांगा.